कोणताही अशोक चालेल?

मंडळी, संस्कृतात ‘अशोकवनिकान्याय’ नावाचा एक लौकिक न्याय आहे. आपट्यांच्या कोशातही तो सापडेल. रावणाने सीतेला अशोकवनिकेतच का ठेवलं? त्याच्याकडे बागा काय कमी होत्या? दुसऱ्या कुठल्या बागेत ठेवलं असतं, तरी ‘तिथेच का’ हा प्रश्न उरलाच असता. जिथे अनेक पर्याय सारख्याच योग्यतेचे असतात आणि त्यातला एक उचलण्याला खास कारण नसतं, तिथे शास्त्रकार हा न्याय वापरतात. थोडक्यात, कोणतंही चालेल.

आज आपण ज्या झाडाविषयी बोलणार आहोत, त्याच्या बाबतीत समाजाने नेमका हाच न्याय लावला आहे. अशोक म्हटलं की कोणताही अशोक चालेल! शाळेच्या कुंपणाला चालेल, रोपवाटिकेत चालेल, आणि काळजीची गोष्ट म्हणजे काढ्याच्या भांड्यातही चालेल. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण नाव आणि वस्तू यांचं नातं तुटलं की काय होतं, हा प्रश्न आमच्या विषयातलाच आहे. त्याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं आमच्या पाहण्यात नाही.

आधी झाडं वेगळी करू. आपल्याकडे सोसायट्यांच्या भिंतीलगत जे उंच, सरळसोट, मिटलेल्या छत्रीसारखं झाड असतं, ज्याची लांब, कडेला लहरी असलेली पानं खाली लोंबतात, ते पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. गुजरातीत त्याला आसोपालव म्हणतात, मराठीत जाणकार खोटा अशोक म्हणतात, बाकीचे नुसतं अशोक. त्याची फुलं हिरवट, तुमच्या लक्षातही न येणारी. हे झाड सीताफळाच्या कुळातलं. म्हणजे गंमत बघा: सीताफळाचा भाऊबंद तो खोटा अशोक, आणि खरा तो सीताअशोक. सीतेने दोन्हीकडे हात ठेवलेला आहे, त्यामुळे आपला गोंधळ तिलाही आवरता येत नाही.

सीताअशोक म्हणजे साराका असोका. हा शिंबावंत कुळातला, म्हणजे तूर, हरभरा, पळस, चिंच यांच्या गोतावळ्यातला. सदाहरित, मध्यम उंचीचा, साधारण सहा ते नऊ मीटर. पसरट डेरा, गर्द सावली. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या अंगावर केशरी फुलांचे गुच्छ येतात. ते नुसते फांद्यांच्या टोकांना येत नाहीत, जुन्या जाड फांद्यांवर आणि कधी थेट खोडावरही येतात. या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती चार रंगीत निदलं. त्यातून मांजराच्या मिशांसारखे लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात, बहुधा सात. फूल उमलतं तेव्हा पिवळट-केशरी असतं आणि दिवस जातील तसं लाल होत जातं. त्यामुळे एकाच गुच्छात तीन-चार छटा दिसतात. नवी पालवी तांबूस, मऊ, मान टाकून लोंबणारी. ती सुकली आहे असं वाटून लोक पाणी घालत बसतात. ती सुकलेली नसते, अजून ताठ व्हायची असते.

ओळखायचं कसं? न्यायदर्शनात ‘उपमान’ नावाचं एक प्रमाण मानलं आहे. शहरातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नसतो. वनवासी त्याला सांगतो की गवय गायीसारखा असतो. हा रानात जातो, गायीसारखा प्राणी बघतो, आणि ‘हाच तो गवय’ असं त्याला कळतं. नैयायिक म्हणतात, इथे मिळालेलं ज्ञान प्राण्याचं नाही. ते नाव आणि नावाचा धनी यांच्या संबंधाचं ज्ञान आहे. आता हे सगळं सांगणाऱ्यावर अवलंबून आहे. ‘अशोकाची पानं लांबट असतात’ एवढंच कोणी सांगितलं, तर ऐकणारा पहिल्या सोसायटीच्या फाटकाशीच थांबणार! म्हणून साम्य सांगून भागत नाही, फरक सांगावा लागतो.

फरक पानाचा. खोट्या अशोकाचं पान साधं, एक देठ आणि एक पातं. सीताअशोकाचं पान संयुक्त: एका मधल्या दांडीवर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या, बहुधा चार ते सहा. तुम्ही ज्याला एक पान समजता ती प्रत्यक्षात पर्णिका असते. खात्री करायची तर कळी शोधा. पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. हे शाळेतल्या पुस्तकात शिकवलं जातं आणि परीक्षा झाली की विसरलं जातं. पण या एका खुणेवर फसवणूक टळते. फूल वर्षातले थोडे महिने असतं, पान बारा महिने असतं.

नावाचा गोंधळ फक्त आपल्या अडाणीपणाचा आहे असं मात्र समजू नका, विद्वानांनीही त्यात भर घातली. लिनियसने १७६७ साली साराका इंडिका हे नाव दिलं ते आग्नेय आशियातल्या एका जातीला. पुढे कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे रॉक्सबर्ग यांनी आपल्या अशोकाला सर विल्यम जोन्स यांच्या नावावरून जोनेशिया असोका म्हटलं. जोन्स म्हणजे १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे न्यायाधीश, संस्कृतचे आणि झाडांचेही प्रेमी. पण लिनियसचं नाव आधीचं, म्हणून जोन्स यांचं नाव मागे पडलं, आणि नंतरच्या ग्रंथांनी आपला अशोक आणि तो परदेशी अशोक एकच मानून दोघांना साराका इंडिका म्हटलं. १९६०च्या दशकात या प्रजातीचा पुन्हा कसून अभ्यास झाला तेव्हा दोन्ही जाती वेगळ्या केल्या गेल्या. तरी आजही जुन्या पुस्तकांवरून उतरवलेल्या पाट्यांवर साराका इंडिका दिसतं. ज्या देशाचं नाव त्यात आहे, त्या देशातलं ते झाडच नव्हे.

जुन्या साहित्याचंही थोडं सांगतो, कारण त्यातही एक चकवा आहे. वाल्मीकींच्या सुंदरकांडात सीता अशोकवनिकेत असते हे खरं, पण ज्या वृक्षाखाली ती बसली आहे आणि ज्यावर मारुती लपला आहे, त्याचं नाव तिथे शिंशपा असं येतं. शिंशपा म्हणजे शिसम, असं बरेच अभ्यासक मानतात. तोही शिंबावंत कुळातलाच! कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात अशोकाला फुलं येत नाहीत म्हणून त्याला तरुणीच्या पायाचा स्पर्श हवा, असा संकेत आहे. राणी धारिणीच्या पायाला दुखापत झालेली, म्हणून मालविकेला पाठवतात. याला म्हणतात दोहद, झाडाला लागलेले डोहाळे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच दोहदातून आला आहे. बागायतदार मंडळींनी हा प्रयोग करून बघायला हरकत नाही, पण झाडाचं वय आणि पाणी यांवर भरवसा ठेवलेला बरा.

आता मूळ मुद्द्याकडे. या झाडाचं घर कुठे? पश्चिम घाटातली सदाहरित आणि निमसदाहरित जंगलं, तीही कमी उंचीची, ओढ्यानाल्यांच्या काठाची. दक्षिण कोकण, गोव्यातला घाटपायथा, उत्तर कन्नड आणि खाली केरळापर्यंत. ज्याला मालवणी माणूस व्हाळ म्हणतो, त्या व्हाळाच्या कडेला, मोठ्या झाडांच्या सावलीत हा दुसऱ्या मजल्यावरचा रहिवासी. कोकणातल्या काही देवरायांत तो टिकला, कारण तिथे कोयता चालवायला माणूस कचरत असे. पण आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. लाकडासाठी त्याला फारसं कोणी विचारत नाही. त्याचा जीव घेते ती त्याची साल.

आयुर्वेदात अशोकाची साल स्त्रियांच्या गर्भाशयाच्या तक्रारींवर, अतिरिक्त रक्तस्रावावर सांगितली आहे. अशोकारिष्ट हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. औषधाचा गुण किती, हा निवाडा वैद्यांनी आणि संशोधकांनी करायचा, आम्ही त्यात पडत नाही. आम्हाला एवढंच दिसतं की देशभर मागणी प्रचंड आहे आणि रानातली झाडं मोजकी आहेत. मग मागणी भागते कशी?

दोन मार्गांनी भागते. एक म्हणजे रानातली झाडं सोलून. झाडाची साल हे एक कवच असतं असं आपण धरून चालतो, पण तसं नाही. बाहेरचा खडबडीत थर मेलेला असतो. त्याच्या आत एक जिवंत थर असतो, जो पानांनी बनवलेलं अन्न खाली मुळांकडे नेतो. त्याच्याही आत, लाकडाला चिकटून, एक अगदी पातळ वाढीचा थर असतो. पाणी मात्र लाकडातून वर चढतं. आता कोणी खोडाभोवती पूर्ण कडं सोलून काढलं, तर पाणी वर जातच राहतं, म्हणून पानं हिरवी राहतात. पण मुळांना वरून अन्न मिळत नाही. ती साठ्यावर जगतात आणि साठा संपला की मरतात. झाड लगेच मरत नाही. सोलणारा तोवर घरी पोहोचलेला असतो. पुढच्या वर्षी तो येतो तेव्हा सोलायला झाड उरलेलं नसतं, आणि तो पुढच्या व्हाळाकडे जातो. त्याला दोष देणं सोपं आहे. पण किलोमागे त्याच्या हातात काय पडतं, ते विचारलं तर आपलाच आवाज खाली येईल.

दुसरा मार्ग भेसळीचा. खोट्या अशोकाची साल काय, शहरात छाटणी झाली की फुकट पडते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या बाजारांतून ‘अशोक’ म्हणून विकली जाणारी साल गोळा करून तिचा डीएनए तपासला गेला. ऐंशी टक्क्यांहून जास्त नमुने खरे नव्हते, आणि ती साल किमान सात वेगवेगळ्या कुळांतल्या झाडांची निघाली. म्हणजे फक्त खोटा अशोकसुद्धा नाही. बाजारात अशोकवनिकान्याय पुरता पोहोचला आहे! एखादी बाई महिनोन्‌महिने काढा घेते, गुण येत नाही, आणि शेवटी ती म्हणते की आयुर्वेदात काही दम नाही. तिने आयुर्वेद घेतलाच नव्हता. तिने काय घेतलं, ते तिला, वैद्याला आणि दुकानदारालाही माहीत नसतं.

खऱ्या सालीची ओळख जुन्या जाणत्यांना असते. बाहेरून करडी-तपकिरी, बारीक फोडांनी खरखरीत. आतून लालसर तपकिरी. मोडली तर तुसे निघतात, आणि चव चांगलीच तुरट. पण भुकटी झाली की डोळे संपले. पुढे सूक्ष्मदर्शक किंवा प्रयोगशाळा.

यावर सगळे एकच उपाय सांगतात: लागवड. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्याच्या वनस्पतींच्या यादीत अशोक घेतला आहे. बोलायला सोपं. पण हे झाड लावताना त्याच्या स्वभावाकडे दुर्लक्ष केलं की पैसा मातीत जातो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट बियांची. कडधान्याचं कुळ म्हटल्यावर आपल्याला वाटतं, बी वाळवून डब्यात ठेवलं की झालं. तूर ठेवतो, हरभरा ठेवतो, चिंचोकेही ठेवतो. चिंच तर या अशोकाची जवळची नातलग, एकाच उपकुळातली. पण चिंच मूळची आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली. तिथे बी पावसाची वाट बघत पडून राहायला हवं. सीताअशोक ओल्या रानातला. शेंग फुटली की खाली ओल आणि सावली तयारच असते, थांबायचं कशाला? म्हणून त्याच्या बियांना वाट बघणं जमत नाही. ती वाळली की काही आठवड्यांत रुजण्याची ताकद उतरते. ज्यांनी मागच्या वर्षीचं बी पेरलं आणि काही उगवलं नाही, त्यांनी बियाण्याला नावं ठेवू नयेत.

शेंग चपटी, चामड्यासारखी, आधी लालसर, पिकली की काळपट. साधारणपणे पावसाळ्याच्या आगेमागे, जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे. झाडाखाली रोज फेरी मारणारा माणूस पाहिजे. बिया रात्रभर पाण्यात भिजवून लगेच पिशव्यांत किंवा गादीवाफ्यावर लावायच्या, वर पातळ माती, भरपूर सावली. तीन आठवड्यांच्या आसपास कोंब दिसू लागतात. रोपं निदान एक पावसाळा तरी सांभाळल्याशिवाय बाहेर काढू नयेत.

दुसरी गोष्ट खताची. शिंबावंत झाड म्हणजे मुळांवर गाठी, गाठींत जिवाणू, हवेतला नत्र फुकटात, असं गणित सगळे मांडतात. या कुळातल्या प्रत्येकाला ते लागू नाही. चिंच, अशोक ज्या उपकुळात येतात त्यातल्या झाडांच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. म्हणजे कुळाचं नाव आहे, पण कुळाचा गुण नाही. तेव्हा शेणखत, कुजलेला पाला हवाच. रानात त्याला पायाशी साचलेला पाचोळाच पोसतो. पाचोळा गोळा करून जाळणाऱ्याने हे झाड लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट जागेची. उघड्या माळावर खड्डे मारून, एप्रिलच्या उन्हात उभं करून हे झाड जगत नाही. पहिली काही वर्षं सावली आणि ओल लागतेच. वृक्षारोपणाच्या सोहळ्यात हमखास माळरान निवडलं जातं, फोटो चांगला येतो म्हणून. त्यापेक्षा सुपारीची बाग, नारळाची वाडी, गोव्यातलं कुळागर इथे याची सोय आपोआप होते: वर उंच झाडांची सावली, खाली पाटाचं पाणी. पाच मीटर अंतराने लावलं तर हेक्टरी चारशे झाडं बसतात, पण कोकणात सलग हेक्टर कोणाकडे असतो? बांधावर, विहिरीपाशी, व्हाळाच्या काठाला दहा-वीस झाडं, असंच ते व्हायचं.

चौथी गोष्ट वेळेची. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलं यायला साधारण सहा-आठ वर्षं जातात, आणि साल काढण्याजोगं खोड व्हायला त्याहून बरीच जास्त. साल काढायची तर कडं कधीच नाही. खोडाच्या एकाच अंगाला उभी, अरुंद पट्टी, तीही आतला ओला थर शाबूत ठेवून. ती जखम पूर्ण भरून येईपर्यंत दुसऱ्या अंगाला हात लावायचा नाही. झाड बुंध्यावर कापून खुंटातून फुटवे येऊ देण्याचीही पद्धत आहे. म्हणजे साल मिळते आणि मूळ जिवंत राहतं.

पण खरी अडचण इथे नाही. समजा एखाद्या शेतकऱ्याने हे सगळं केलं. पंधरा-वीस वर्षांनी खरी साल घेऊन तो बाजारात गेला. तिथे दर आहे खोट्या सालीचा, कारण घेणाऱ्याला दोन्हींत फरक करता येत नाही किंवा करायचा नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच दाखवलं: ग्राहकाला चांगली आणि वाईट गाडी ओळखता आली नाही, तर चांगली गाडी असणारा माणूस बाजारातून निघून जातो. मग उरतात वाईटच. सालीचा बाजार तंतोतंत असा आहे. म्हणून नुसत्या अनुदानाने लागवड वाढेल असं आम्हाला वाटत नाही. साल विकत घेणाऱ्या कारखान्याने प्रत्येक खेपेची ओळख तपासावी, खऱ्याला खऱ्याचा भाव द्यावा, आणि माल कुठल्या बागेतून आला हे बाटलीवर लिहावं. ओळख पटवण्याचा खर्च कोणी तरी उचलल्याशिवाय नाव आणि वस्तू पुन्हा जोडली जाणार नाहीत.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथे घेतो. चैत्र शुद्ध अष्टमीला, अशोकाष्टमीला, आठ कळ्या खाण्याची रीत आहे, त्याने झाडाचं नुकसान होतं का? आठ कळ्यांनी होत नाही. एका झाडाला शेकडो गुच्छ येतात. मात्र गावात एकच झाड असेल आणि सगळी आळी त्याच्यावर तुटून पडली, तर त्या वर्षी शेंगा कमी धरतील. झाडं वाढवा, मग खुशाल खा.

दुसरा प्रश्न: रोपवाटिकेत पिवळ्या फुलांचा अशोक मिळतो, तो खरा का? बहुधा तो साराका थायपिंगेन्सिस, मलाया भागातला. अशोकाचाच सख्खा भाऊ म्हणा, सुंदर आहे, बागेत जरूर लावा. पण वैद्याला हवी ती साल त्याची नव्हे. आणि नुसत्या पिवळ्या रंगावरून निवाडा करू नका, कारण आपल्या अशोकाची ताजी फुलंही पिवळट असतात. दोन-तीन दिवस थांबा, लाल होतात का बघा. रोप लहान असेल आणि फूल नसेल, तर विकणाऱ्याला विचारा की बी कुठल्या झाडाचं, आणि जमलं तर ते झाड बघून या.